मामंजींची तोंडी परीक्षा

माझे सासरे सोलापुरात एका शाळेत मराठी व्याकरण शिकवायचे. शाळेत शिकवायचे असं आपलं रीतीप्रमाणे म्हणायचं. खरं तर ते घरात, गल्लीत, भाजीवालीसमोर आणि मर्तिकाच्या घरीसुद्धा तेच शिकवायचे. शुक्रवार पेठेत आमच्या शेजारचा एक माणूस वारला आणि त्याची बायको "मालक मला सोडून गेलं वो" म्हणून ऊर बडवायला लागली, तेव्हा मामंजींचे ओठ हलताना मी स्वतः पाहिले. पुल्लिंगी कर्त्याला नपुंसकलिंगी क्रियापद! बाईचं दुःख त्यांना मान्य होतं, फक्त ते शुद्ध असावं एवढंच म्हणणं.

माझं माहेर कुंभारी गावचं, शेतकऱ्याचं घर. आमच्याकडे 'हाय' आणि 'न्हाय' या दोन शब्दांवर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले, कुणाचं काही अडलं नाही. लग्नात मला नाव घ्यायला लावलं. मी घाबरत घाबरत घेतलं, तर मामंजींनी भर मांडवात माझा विभक्तिप्रत्यय दुरुस्त केला. बायका कौतुकानं म्हणाल्या, पोर विद्वानाच्या घरात पडली. पडली हे खरंच होतं.

मामंजी स्वतः मूळचे वळसंगचे. लहानपणी मेंढरं राखली, मग कुणा भल्या मास्तरानं शाळेत बसवलं, आणि हुशारीवर ते शिकत शिकत मास्तर झाले. हे सोपं नव्हतं, त्याबद्दल मला आजही आदर आहे. फक्त ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी आपली गावाकडची बोली अंगावरचा मळ धुवावा तशी धुऊन टाकली आणि पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्यांना आंघोळ घालण्यात घालवलं. सासूबाईही त्याच बाजूच्या. लग्नानंतर वर्ष-दोन वर्षं त्यांनी शुद्ध बोलायचा प्रयत्न केला म्हणे. मग त्यांना सोपा उपाय सापडला. त्यांनी नवऱ्यासमोर बोलणंच सोडून दिलं. मामंजी आल्यागेल्याला अभिमानानं सांगायचे, "आमची मंडळी मितभाषी आहे." मितभाषी मंडळी स्वयंपाकघरात माझ्याशी दिवसभर बोलत असायची.

सन तीस साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ उठल्यानंतरचा तो दुसरा उन्हाळा. मार्शल लॉच्या दिवसांत गावभर लोकांना एकत्र जमून बोलायची बंदी होती. मामंजींना ती दोन वर्षं उशिरा लागू झाली. सकाळची शाळा होती. ते ओसरीवर उभे राहून पटका बांधत होते. बांधता बांधता उजव्या हातातलं टोक गळून पडलं. ते उचलायला वाकले आणि भिंतीला टेकत खाली बसले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, आणि त्या तोंडातून ते काहीतरी सारखं बोलत होते. शब्द असे नव्हतेच. शब्दांचा नुसता भुसा. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला नंतर सांगितलं, "मला वाटलं संस्कृत बोलाय लागल्यात. म्हनून गप उबी राह्यले." इतक्या वर्षांचा शिरस्ता तो, एकाएकी कसा मोडणार?

उजवा हात गेला, उजवा पाय लुळा पडला, आणि बोलणं गेलं. आठ-पंधरा दिवसांत जिवावरचा धोका टळला, तोंड थोडं सरळ झालं, आणि मग घरात माणसांची रीघ लागली. आजाऱ्याला बोलता येत नाही म्हटल्यावर प्रत्येकाला त्याच्याशीच बोलायचं होतं. ते बहिरे झाले आहेत असं सगळ्यांनी आपसांत ठरवून टाकलं असावं, कारण जो येई तो कानाशी तोंड नेऊन ओरडे. वैद्य येऊन जिभेला अक्कलकाढा चोळून गेले. जिभेला मुंग्या आल्या, मामंजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द आला नाही. कुणी वेखंड सुचवलं, कुणी अंगारा आणला. एका दूरच्या मावसबहिणीनं तर घरातल्या कुणाचा तळतळाट लागलाय का, असं माझ्याकडे बघत विचारलं.

हळूहळू काही गोष्टी परत आल्या. पण काय परत यावं याची निवड ज्यानं केली तो मोठा खट्याळ असला पाहिजे. पहिला शब्द आला तो 'व्हय'. शुद्ध 'होय' नव्हे. चांगला खणखणीत, वळसंगच्या शिवारातला 'व्हय'. दुसरा आला 'आयला'. उभ्या जन्मात ज्यांच्या तोंडून शिवी निघाली नव्हती, ते चहा गरम लागला की स्वच्छ उच्चारात 'आयला' म्हणू लागले. आणि तिसरी गोष्ट म्हणजे विभक्तीचे प्रत्यय. कुणी नुसतं "प्रथमा" म्हटलं की गाडी सुटायची: "स, ला, ते, स, ला, ना, ते, ने, ए, शी…" थेट संबोधनापर्यंत, एक अक्षर न चुकता. तहान लागली तर पाणी मागता येत नव्हतं, पण पाण्याला चतुर्थीचा प्रत्यय कोणता लागेल हे सांगता येत होतं.

त्यांच्या शाळेचे हेडमास्तर भेटायला आले. त्यांना शाळा उघडायच्या आत कळायला हवं होतं की हा मास्तर परत येणार की दुसरा शोधायचा. त्यांनी बसल्या बसल्या परीक्षा घेतली. प्रथमा म्हटलं, मामंजींनी सगळं म्हणून दाखवलं. पाढ्याचा एक आकडा काढून दिला, मामंजींनी पाढा म्हणून दाखवला. हेडमास्तर उठले ते प्रसन्न होऊन. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाहेर सांगून गेले की बुद्धी अगदी शाबूत आहे, पावसाळ्यात वर्गावर येतील, काळजी नसावी. मी आतून ऐकलं. त्यांचंही फार चुकलं नव्हतं म्हणा. शाळेत जेवढं लागत होतं तेवढं सगळं मामंजींना अजून येत होतं.

माझी मात्र त्यांच्याशी दुपारी गाठ असायची. हे गिरणीच्या ऑफिसात, सासूबाई घटकाभर पडलेल्या, आणि मी पंख्यानं वारा घालत त्यांच्या खाटेशी. एका दुपारी त्यांना काहीतरी हवं होतं. डावा हात हवेत फिरवत ते माझ्याकडे बघत होते. मी पाणी पुढे केलं, त्यांनी ढकललं. उशी सारखी केली, भांडं आणलं, खिडकी लावली, सगळ्याला ते "व्हय" म्हणत आणि सगळं झटकून टाकत. शेवटी त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी यायला लागलं. सासऱ्याला रडताना बघायची मला सवय नव्हती. मी पदर पुढे ओढून मान खाली घातली. मग ते एकदम म्हणाले, "सोमवार, मंगळवार, बुधवार," आणि तसेच रविवारपर्यंत गेले, आणि पुन्हा सोमवारपासून निघाले. थांबवायचं होतं त्यांना, थांबवता येत नव्हतं. दुसऱ्या फेरीत माझ्या ध्यानात आलं. मी हळूच म्हटलं, "मामंजी, आज बुधवार." ते गप्प झाले. मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटले. एवढ्या माणसांनी कानात ओरडून विठ्ठल म्हणा, राम म्हणा सांगितलं, पण आज वार कोणता हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वळसंगहून माझे चुलत सासरे आले. मामंजींचे धाकटे भाऊ. गावाकडची जमीन तेच कसायचे, मेंढरंही त्यांच्याकडे होती. जमीन दोघांची सामाईक, आणि त्यातला विहिरीजवळचा तुकडा तेवढा खरा पिकणारा. बाकीच्यात कुसळं आणि देवाची कृपा. चुलत सासरे भावाच्या उशाशी बसून रडले, ते रडणं खरंच होतं. भाऊ म्हणून त्यांचा जीव होता. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी बरोबर आणलेल्या दोन गाववाल्यांना जवळ बोलावलं आणि भावाला विचारलं, "दादा, हिरीजवळचं रान माझ्या नावावर करायचं तुमच्या मनात हुतं न्हवं?"

"व्हय," मामंजी म्हणाले.

गाववाल्यांनी माना डोलावल्या. चुलत सासऱ्यांनी भावाच्या पायाला हात लावला. हे खांबाला टेकून उभे होते, त्यांचा चेहरा पडला, पण बापाच्या तोंडचा शब्द म्हटल्यावर काय बोलणार? चुलत सासरे सांगू लागले की उद्या टांगा करून रजिस्टर कचेरीत नेऊ, अंगठा उठवू, उगाच हयगय नको.

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. सासऱ्यांच्या भावासमोर सुनेनं तोंड उघडायची रीत नव्हती, आणि उघडलं असतं तर आधी माझ्या उच्चारांचीच चर्चा झाली असती. मी सासूबाईंना हळू आवाजात म्हटलं, "आत्याबाई, ते सगळ्यालाच व्हय म्हनत्यात. काल चटणी वाढू का इचारलं तर व्हय म्हनले, आन वाढली तर ताट ढकललं." सासूबाईंनी हातातला तवा खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं, पदर खोचला आणि तशाच बाहेर गेल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना बाहेरच्या माणसांसमोर नवऱ्याशी बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

"आवो," त्या खाटेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मी मेले का?"

"व्हय," मामंजी म्हणाले.

"माझं लगीन तुमच्या धाकल्या भावासंगं लागलं का?"

"व्हय."

दोन गाववाल्यांपैकी एकाला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना. चुलत सासऱ्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सासूबाई म्हणाल्या, "घ्या भावजी. रानाबरूबर मलाबी घेऊन जावा." आणि आत येऊन त्यांनी तवा पुन्हा चुलीवर ठेवला.

पण चुलत सासरे एवढ्यानं हटणारे नव्हते. रात्रभर त्यांनी विचार केला असावा, कारण सकाळी चहा पिताना त्यांनी वेगळीच बाजू मांडली. वैनी म्हणतात ते खरं धरलं, तर दादाचं डोकंच गेलं म्हणायचं. डोकं गेलं तर सामाईक जमिनीचा कारभार आपोआप धाकट्या भावाकडे. म्हणजे दादाचं डोकं ठिकाणावर असलं तर त्यांनी जमीन दिलेली, आणि नसलं तर ती विचारायचंच कारण नाही. वकिली न शिकताच हा माणूस मेंढरं वळत होता, हे आपल्या कोर्टाचं नुकसान. ह्यांना दोन्ही मुद्दे पटले. ह्यांचा स्वभावच तसा, जो शेवटी बोलेल त्याचं पटायचं. शेवटी सासूबाईंनीच दारामागून सांगितलं की डोकं गेलंय की फक्त बोलणं गेलंय, हे डॉक्टरला ठरवू दे. चुलत सासरेही कबूल झाले. त्यांना निकालाची खात्री होती.

ह्यांच्या गिरणीतल्या एका वरिष्ठांच्या ओळखीनं सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर आले. मुंबईला शिकलेले, तरुण, सूटबूट, गळ्यात टाय, आणि सोलापूरच्या उन्हात त्या टायमुळे चेहरा वांग्याच्या रंगाचा झालेला. त्यांचं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं होतं, त्यामुळे मराठी बोलताना ते प्रत्येक वाक्य आधी हातात घेऊन तपासून मग सोडत. पण माणूस मनापासून काम करणारा होता, हे आधीच सांगून ठेवते.

त्यांनी नाडी पाहिली, गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तळपायावर किल्ली ओढली. मग आम्हाला समजावून सांगू लागले. सासूबाईंनी चटणीसाठी भाजलेले शेंगदाणे सुपात काढले होते. डॉक्टरांनी त्यातला एक दाणा सोलला, दोन पाकळ्या वेगळ्या केल्या आणि म्हणाले की मेंदू असा दोन भागांचा असतो. डावा भाग उजवं अंग चालवतो, आणि बहुतेक माणसांचं बोलणंही डाव्यातच असतं. मास्तरांच्या डाव्या पाकळीचं रक्त अडलं, म्हणून उजवं अंग आणि बोलणं एकदमच गेलं. उजवी पाकळी ठीक आहे. एवढं सांगून त्यांनी दोन्ही पाकळ्या तोंडात टाकल्या.

चुलत सासरे लक्ष देऊन ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजी निम्मं डोकं शाबूत हाय. मग निम्म्या रानाचं तर ठरवता येईल की."

डॉक्टरांनी हा विनोद आहे का ते चेहऱ्यावर शोधलं. विनोद नव्हता.

मग परीक्षा सुरू झाली. बोलणं किती गेलं, समजणं किती राहिलं, वाचता येतं का, लिहिता येतं का, हे एकेक करून पाहायचं होतं. डॉक्टरांनी खिशातून एकेक वस्तू काढून विचारलं, हे काय. फाउंटन पेन, थर्मामीटर, टायला लावायची पिन, छातीला लावायची नळी. आमच्या घरात त्यातल्या निम्म्या वस्तूंची नावं कुणालाच ठाऊक नव्हती; मला आणि सासूबाईंना त्या खाटेवर बसवलं असतं तर आम्हीही धडधाकट मेंदूनिशी नापास झालो असतो. मामंजींनी पेनाला "व्हय" म्हटलं, थर्मामीटरला "स, ला, ते" म्हटलं आणि टायच्या पिनेला "आयला" म्हटलं. डॉक्टरांनी तिन्ही लिहून घेतलं.

पुढे हुकूम पाळायची परीक्षा. डॉक्टर म्हणाले, "जीभ बाहेर काढा." मामंजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या नजरेपुढे वर्गातली मोठी मोठी मुलं बाकाखाली जात. परक्या माणसासमोर, घरात सून असताना, एवढ्या मानाच्या मास्तरानं जीभ दाखवायची? डॉक्टरांनी लिहिलं, समजलं नाही. मग ते सावकाश म्हणाले, "डावा हात उजव्या खांद्यावर ठेवा आणि त्यानंतर दाराकडे बोट दाखवा." मामंजींनी खांदाबिंदा सोडून ताबडतोब दाराकडे बोट दाखवलं. डॉक्टरांना आनंद झाला. अर्धं बरोबर आलं होतं. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "त्यांस्नी जावा म्हनाय लागल्यात."

चुलत सासरे मांडी बदलून आरामात बसले. परीक्षा त्यांच्या मनासारखी चालली होती.

आता वाचन. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले आणि मामंजींसमोर धरले. यात लिहिलंय ते करायचं, असं खुणेनं सांगितलं. मामंजींनी कागदाकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. उलट ते मोठे झाले. ते पुढे झुकले, डावा हात लांब करून त्यांनी डॉक्टरांच्या बोटांतून पेन्सिल ओढून घेतली आणि कागदावर एवढ्या जोरानं रेघ मारली की कागद फाटला. चुलत सासरे म्हणाले, "बगा. येड्यासारखं करत्यात."

डॉक्टरांनी फाटका कागद वळवून बघितला. त्यांनी लिहिलं होतं, 'डोळे मीटा'. मामंजींची रेघ बरोबर दीर्घ वेलांटीवरून गेली होती.

मग डॉक्टरांनी ह्यांच्याकडे झुकून हळूच विचारलं, "मिटा ऱ्हस्व का?" ह्यांनी मान हलवली. ह्यांना जन्मात एका गोष्टीची तरी खात्री होती.

डॉक्टर हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी आधीचा लिहिलेला कागद घडी करून खिशात घातला आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले की घरातल्या रोजच्या चार वस्तू द्या. सासूबाईंनी अडकित्ता, किल्ली, लिंबू आणि पळी दिली. त्या खाटेवर मांडून डॉक्टर एकेकच शब्द बोलले. लिंबू. मामंजींनी लिंबावर हात ठेवला. पळी. बरोबर. अडकित्ता म्हटल्यावर हात आधी किल्लीवर गेला, तिथून त्यांनी स्वतःच मागे घेतला आणि अडकित्त्यावर ठेवला. पण डॉक्टरांनी जेव्हा "जिनं कुलूप उघडतात ती वस्तू लिंबाच्या खाली ठेवा" असं म्हटलं, तेव्हा मामंजी गोंधळले. त्यांनी लिंबू उचललं, इकडे तिकडे पाहिलं आणि ते मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले. त्या क्षणी मला पहिल्यांदा भीती वाटली. तोवर मी मनातून धरून चालले होते की आत सगळं जसंच्या तसं आहे, फक्त दार लागलंय. तसं नव्हतं. आतलीही काही खोल्यांची पडझड झाली होती.

डॉक्टरांनी निकाल सांगितला. वेड लागलेलं नाही. ओळख आहे, राग आहे, लाज आहे. एकेक शब्द समजतो, लांबलचक बोललं की धागा सुटतो. त्यांच्या होकाराला धरून चालू नका. "मनातलं तोंडावाटे येत नाही," ते म्हणाले, "आणि तोंडावाटे येतं ते मनातलं असेलच असं नाही." ही दुसरी व्याधी शुक्रवार पेठेत निम्म्या लोकांना होती आणि आमच्या ओसरीवर त्या वेळी दोघांना तरी होती, पण त्यांना तपासायला डॉक्टर आले नव्हते. शेवटी त्यांनी सांगितलं की काही विचारायचं असेल तर थोडक्यात विचारा, वस्तू समोर ठेवा आणि उत्तर हातानं घ्या.

सासूबाईंनी लगेच ते मनावर घेतलं. दिराच्या शेजारी ठेवलेला त्यांचा पटका उचलला, खुंटीवरची ह्यांची काळी टोपी काढली, आणि दोन्ही खाटेवर शेजारी शेजारी ठेवून म्हणाल्या, "हिरीजवळचं रान. कुनाचं?"

मामंजींनी पटक्याकडे पाहिलं, मग टोपीकडे पाहिलं. चुलत सासरे पुढे सरकले. हे खांबापासून जरा सुटे झाले. मामंजींनी डाव्या हातानं पटका ढकलला, तो खाली पडून उलगडत गेला. चुलत सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. मग मामंजींनी टोपीही ढकलली. तीही खाली. आणि त्याच हाताची मूठ करून त्यांनी आपल्या छातीवर थाडथाड मारून घेतली.

"आयला," ते म्हणाले.

"कळलं?" सासूबाईंनी दोघांना विचारलं.

दोघांनाही कळलं होतं. ह्यांचा चेहरा मी कडेनं पाहिला. तो चुलत सासऱ्यांपेक्षा फार वेगळा नव्हता. म्हणजे टोपीलाही थोडी आशा होती तर. डॉक्टर पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले की आता माझी गरज दिसत नाही, आणि टांग्यात बसून गेले.

शाळा उघडली, मामंजी गेले नाहीत. हेडमास्तरांना धक्का बसला, एवढे प्रत्यय म्हणणारा माणूस वर्गावर येत नाही म्हणजे काय! त्यांनी नवा मास्तर नेमला आणि शाल-नारळ घेऊन घरी सत्कार केला. सत्काराच्या भाषणात त्यांनी मामंजींच्या वाणीची फार स्तुती केली.

दिवाळीच्या सुमारास 'न्हाय' आला. वैद्यांनी पुन्हा अक्कलकाढा काढला होता, तेव्हा मामंजी मान फिरवून स्पष्ट म्हणाले, "न्हाय." सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. नकार देता येऊ लागला म्हणून साखर वाटणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. त्यानंतर महिन्यामहिन्यानं एकेक शब्द येत गेला: 'पानी', 'हितं', 'कुटं', 'लई'. सगळे वळसंगचे. ट्रेनिंग कॉलेजातला एकही परत आला नाही. ह्यांना ते फार लागलं. ते बापासमोर बसून म्हणायचे, "पाणी, बाबा, पाणी." मामंजी म्हणायचे, "पानी." आणि म्हटल्याबरोबर त्यांच्या कपाळाला आठी पडायची, कारण चूक त्यांना ऐकू यायची. जीभ गावची आणि कान कॉलेजातले, अशा घरात बिचाऱ्या मामंजींना राहायचं होतं. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहून डाव्या हातानं स्वतःच्या तोंडावर हलकी चापट मारली. मी म्हटलं, "असू दे मामंजी. आमच्याकडंबी पानीच म्हनत्यात." ते पाणी प्यायले.

सासूबाई मात्र बोलू लागल्या. दिवसभर खाटेशी बसून बोलायच्या. शेजारणींचं, माहेरचं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी भांडणातलं राहून गेलेलं उत्तर. मामंजी ऐकायचे. त्यांना दुसरा इलाजही नव्हता, पण तोंड फिरवत नव्हते हेही खरं. मध्येच "व्हय" म्हणायचे, आणि आता कधी कधी "न्हाय"सुद्धा, आणि ते बहुधा योग्य जागी पडायचे.

चुलत सासरे दोन महिने रुसून होते. मग एका मंगळवारी बाजाराला आले, तेव्हा भावासाठी लोकरीचं घोंगडं घेऊन आले. तेव्हापासून दर बाजाराला यायचे. खाटेच्या पायथ्याशी बसून तंबाखू मळत सांगत राहायचे: कोणती मेंढी व्यायली, कुणाचा बैल मेला, विहिरीला किती पाणी आहे, पाटील कसा माजलाय. ते एकदा बोलू लागले की मध्ये उत्तराची गरज त्यांना कधीच नसायची. त्यामुळे सगळ्या गावात मामंजींशी बरोबरीनं गप्पा मारू शकणारा तोच एक माणूस निघाला. कुणी ओरडत नव्हतं, कुणी परीक्षा घेत नव्हतं. मामंजी 'आयला' म्हणत आणि दोघं हसत.

मामंजी त्यानंतर चार-पाच वर्षं राहिले. त्यांच्यामागं जमिनीची कायद्यानं सरळ वाटणी झाली, विहीर सामाईक राहिली, आणि पाण्याच्या पाळीवरून हे आणि चुलत सासरे आयुष्यभर भांडत राहिले, अगदी स्वच्छ, कुठेही न अडखळता.